डू द नीडफुल

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी मी चाळीस माणसांना दोन तास चुकीची गोष्ट शिकवली. त्याचं मला मानधन मिळालं, तुळशीचं रोप मिळालं, वर टाळ्याही मिळाल्या.

नाशिकमधल्या एका उच्च शिक्षण संस्थेच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा होती. विषय होता ‘प्रोफेशनल ईमेल रायटिंग इन इंग्लिश’. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. नाशिकच्याच कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलंय, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसाला तीस-चाळीस मेल लिहितो. आयोजकांना एवढी पात्रता पुरेशी वाटली. मलाही वाटली. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर ओरडणार आहे आणि त्यात पहिला नंबर माझा लागतो.

माझ्या स्लाइड्स जोरदार होत्या. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहू नका, ‘डिअर’ लिहा. ‘काइंडली रिव्हर्ट’ म्हणू नका. ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सायटेड सब्जेक्ट’ने सुरुवात करू नका. आणि एक अख्खी स्लाइड ‘डू द नीडफुल’वर. हे साहेबाच्या काळातलं इंग्रजी आहे, साहेबानं कधीच टाकून दिलं, आपण अजून सांभाळतोय, असं म्हटल्यावर हॉल हसला. मलाही बरं वाटलं. चाळीस-पन्नाशीतली, माझ्या आईवडिलांच्या वयाची माणसं आपल्याच रोजच्या लिहिण्यावर हसत होती आणि मी हातात क्लिकर घेऊन उभा होतो.

शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर मागच्या रांगेतून पात्रता विभागातल्या एक मॅडम उठल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या.

“सर, असा सुधारून मेल लिहिला तर फोन कमी येतील का?”

“कसले फोन, मॅडम?”

“मेल गेला की दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. पोरं विचारतात, मॅडम, तुमचा मेल आलाय, त्यात काय लिहिलंय? मग मी सांगते. दोन वाक्यांत होतं सांगून.”

“मग तीच दोन वाक्यं मेलमध्ये लिहायची.”

“ती मराठीत असतात ना सर. मेल तर इंग्लिशमध्येच जातो.”

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, म्हणजे ते देण्यासारखं नसणार. पण त्या ‘जातो’वर मी महिनाभर अडकून राहिलो. कोण पाठवतं इंग्लिशमध्ये? कुणी ठरवलं? मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी साहेबांकडे बोट दाखवलं असतं, साहेबांनी वरच्या साहेबांकडे. ‘जातो’ म्हणजे पाऊस पडतो तसा जातो.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगतो. माझा मामेभाऊ पेठ तालुक्यातला. बारावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून शिकला आणि पुढे शहरातल्या एका कॉलेजात पदवीला आला. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तो मेल कुठूनही आला असता. पहिल्या वर्षी त्याला मेल आला. त्याचा सारांश असा: आपल्या कागदपत्रांत त्रुटी आढळली आहे, विहित मुदतीत तिची पूर्तता न केल्यास आपला प्रवेश ‘प्रोव्हिजनल’ समजला जाईल आणि पात्रतेचा निर्णय प्रलंबित राहील. अर्थात हे सगळं इंग्रजीत, एकाच वाक्यात, ‘फेलिंग विच’ आणि ‘शॅल बी’ लावून.

भावानं तो वाचला. ‘प्रोव्हिजन’ म्हणजे सोय, तरतूद, एवढं त्याला माहीत होतं. ‘अ‍ॅडमिशन’ शब्द ओळखीचा होता. म्हणजे अ‍ॅडमिशनची सोय झाली, असा त्यानं अर्थ लावला आणि मेल बंद केला. हवा होता फक्त एक दाखला, जो त्याच्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून ठेवलेला होता.

परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा याच्या नावापुढे ‘राखीव’. तो पास झालाय की नापास, हे चार महिने कुणालाच सांगता येईना. त्या चार महिन्यांत तो माझ्याकडे आला नाही. मी त्याच गावात राहतो, माझं सगळं पोट इंग्रजीवर चालतं, तरी आला नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, “दादा, कॉलेजला जाऊन इंग्लिश वाचता येत नाही असं कसं सांगायचं?”

हे वाक्य मला त्या मेलपेक्षा जास्त लागलं. मेलचा मसुदा बदलता येतो. एकोणीस वर्षांच्या पोराला स्वतःबद्दल वाटलेली लाज कशी बदलणार? आणि लाज वाटायला हवी होती कुणाला? ज्याला मराठी येतं अशा मुलाला, ज्याला मराठी येतं अशा कर्मचाऱ्यानं, दोघांनाही धड न येणाऱ्या भाषेत, त्याच्या आयुष्याचा निर्णय कळवला. यात नापास कोण झालं?

मी कर्मचाऱ्याला दोष देत नाही. कार्यशाळेनंतर चहा घेताना त्याच मॅडमनी मला त्यांची पद्धत सांगितली. जुना मेल उघडायचा, नाव आणि तारीख बदलायची, पाठवायचा. “ते इंग्लिश माझं नाहीच सर. माझ्याआधी या टेबलवर होते त्यांचं. त्यांनी पण कुणाचं तरी घेतलेलं.” आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेगसी कोड म्हणतो. कुणीतरी कधीतरी लिहिलेला, कुणालाच पूर्ण न कळणारा, पण हात लावला तर काहीतरी मोडेल या भीतीनं तसाच ठेवलेला कोड. आमच्यात निदान एवढं तरी होतं की तो मोडला तर रात्री दोन वाजता फोन आम्हाला येतो. इथे मोडतं ते पेठच्या पोराचं.

आता हा लेगसी कोड आला कुठून ते बघा, कारण त्यात एक मजेशीर गोल आहे. मॅडमचं ‘विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट’ आपल्या सरकारी पत्रातल्या ‘उपरोक्त विषयास अनुसरून’चं भाषांतर वाटतं. ‘डू द नीडफुल’ ऐकलं की ‘योग्य ती कार्यवाही करावी’ आठवतं. पण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ तरी आपलं कुठे? घरी कुणी असं बोलतं? इंग्रज अमदानीतल्या कचेऱ्यांचं वळण पुढे मराठीत उतरलं आणि त्याचा हा नमुना. म्हणजे साहेबाच्या इंग्रजीवरून मराठी, त्या मराठीवरून आपलं इंग्रजी, आणि ते विद्यार्थ्याला समजावून सांगायला पुन्हा फोनवर मराठी. एका दाखल्यासाठी भाषा तीन वेळा समुद्र ओलांडून येते.

आणि ज्या इंग्रजीला आपण ‘प्रोफेशनल’ म्हणून पुजतो, ती इंग्रजांनाच नकोशी झाली होती. त्यांच्या कचेऱ्यांतले कारकूनही असंच लिहायचे. शेवटी ब्रिटनच्या अर्थखात्यानं सर अर्नेस्ट गॉवर्स या सनदी अधिकाऱ्याला सांगितलं की आपल्या लोकांना सोपं लिहायला शिकव. त्याचं ‘प्लेन वर्ड्स’ १९४८ साली आलं. अमेरिकेनं तर २०१० मध्ये ‘प्लेन रायटिंग अ‍ॅक्ट’ नावाचा कायदाच केला, की सरकारी कचेऱ्यांनी लोकांसाठी लिहिलेलं लोकांना कळलं पाहिजे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांना इंग्रजी सोपी करायला कायदा लागला. आपण मात्र ‘विहित मुदत’ इंग्रजीत अवघड करून लिहिता यावी म्हणून शनिवारी कार्यशाळा घेतो आणि माझ्यासारख्याला तुळशीचं रोप देतो.

मराठीतून मेल का जात नाही याचं एक खरं, तांत्रिक कारण होतं, तेही सांगतो. ‘होतं’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. पूर्वी कचेऱ्यांमध्ये मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, सुरेख असल्या फॉन्टांत चालायचं. त्यात संगणकाला ‘क’ कळत नसे. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असायची. तोच फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला, की अर्ज उघडल्यावर अक्षरांचा चिवडा दिसायचा. मग एक तर कागद छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवायचा, नाही तर सरळ इंग्रजीत लिहायचं. त्या काळात इंग्रजी निवडणाऱ्या कारकुनाला मी नावं ठेवणार नाही. त्यानं डोकं वापरलं होतं.

पण तो काळ संपला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासून आहे. मेलमध्ये इंग्रजीखेरीज इतर लिप्या पाठवण्याचे नियमही नव्वदच्या दशकातच ठरले. मेलचा पत्ताच देवनागरीत असावा, यासाठीसुद्धा २०१२ मध्ये मानकं आली. आज भावाच्या आठ हजारांच्या फोनवर मराठी नीट दिसतं, मॅडमच्या कचेरीतल्या संगणकावर नीट उमटतं. मॅडम घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नातवाच्या बारशाचं आमंत्रण मराठीत टाइप करतात. त्याच बोटांना सकाळी साडेदहाला काय होतं?

नाशिकमध्ये बसून हा प्रश्न विचारताना मला जास्त चीड येते. या शहरात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शेतकऱ्याला, गृहिणीला, नोकरी करणाऱ्याला घरी बसून शिकता यावं म्हणून त्यांनी मराठीत पुस्तकं केली. मराठीत अर्थशास्त्र शिकवता येतं, शेतीशास्त्र शिकवता येतं, परीक्षा घेता येते, पदवी देता येते. ‘तुमचा एक दाखला कमी आहे, तो अमुक तारखेपर्यंत आणा’ एवढंच सांगता येत नाही?

याच शहरात कुसुमाग्रज राहिले, म्हणून २७ फेब्रुवारी आली की इथल्या प्रत्येक संस्थेला उधाण येतं. ग्रंथदिंडी, फेटे, लेझीम. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा पेढे वाटले. आणि मला एका संस्थेकडून मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, त्याची सुरुवात होती ‘यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड’. वर्षातून एक दिवस पालखीत बसवायचं आणि उरलेले दिवस दाराबाहेर चपलांपाशी उभं करायचं, असा हा सन्मान आहे.

आता तुमच्या मनात आलेले आक्षेप घेतो. माझ्याही मनात ते आले होते.

पहिला: विद्यापीठाला दिल्लीशी, परराज्यांशी, परदेशांशी पत्रव्यवहार करावा लागतो. बरोबर. तिथे इंग्रजीतच लिहा, चांगलं लिहा, त्यासाठी कार्यशाळा घ्या, मी पुन्हा येतो, फुकट येतो. पण पात्रता विभागाच्या त्या टेबलवरून जाणारे बहुतेक मेल दिल्लीला जात नाहीत. ते पेठ, सुरगाणा, कळवण, मालेगाव, येवल्याला जातात. भाषा वाचणाऱ्यावरून ठरवायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा: सगळे विद्यार्थी मराठी नसतात. मग वर मराठी, खाली इंग्रजी लिहा. मेलला कागद लागत नाही, तिकीट लागत नाही. चार ओळींच्या आठ ओळी झाल्या तर कुणाचं काय जातं?

तिसरा, सगळ्यात आवडता: “मुलांना इंग्रजी यायलाच हवं, असे लाड केले तर ती शिकणार कधी?” हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तुमच्या वडिलांचा रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांनी फ्रेंचमध्ये दिला आणि म्हणाले, ‘शिकाल हळूहळू’, तर चालेल? भावानं इंग्रजी शिकावं असं मलाही वाटतं. त्यासाठी वर्ग आहे, पुस्तक आहे, मी आहे. त्याच्या निकालाचा मेल ही इंग्रजीची परीक्षा नाही. त्या परीक्षेला तो बसलाच नव्हता, तरी त्यात त्याला अडकवून ठेवलं.

चौथा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो सगळ्यात खरा आहे: मराठीतला सरकारी मेल तरी कुणाला कळतो? ‘आपणांस याद्वारे सूचित करण्यात येते की’ हे ‘यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड’पेक्षा सोपं कुठे आहे? मान्य. पत्र मराठीत आणून ते पुन्हा घशात अडकणार असेल तर आपण काहीच मिळवलं नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. केवढं मोठं काम. तरीही अर्ज, तारीख, शिक्का, रजा, हजेरी, दाखला हे अरबी-फारसीतून आलेले शब्द आजही आपल्या तोंडात आहेत, कारण ते लोकांना कळतात. म्हणून मी ‘विपत्र’ आणि ‘संकेतस्थळ दुवा’ मागत नाही. मेल म्हणा, लिंक म्हणा, अपलोड म्हणा, ओटीपी म्हणा. मॅडम फोनवर जी मराठी बोलतात ती मला हवी आहे. ती आधीच तयार आहे. दिवसभर त्या तीच वापरतात, फक्त लिहीत नाहीत.

कायदाही आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. स्वायत्त विद्यापीठाला तो कुठल्या कामापुरता लागू होतो, यावर वकील वाद घालोत. मला कायद्याचा दंडुका नकोच आहे. दंडुक्यानं आलेली मराठी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’चीच असते.

या सगळ्यात गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवा विनोद घडलाय. कार्यशाळेनंतर एका तरुण लिपिकानं मला अभिमानानं दाखवलं: तो मजकूर मराठीत लिहितो, चॅटजीपीटीला देतो, इंग्रजीत करून घेतो आणि पाठवतो. इंग्रजी एकदम गुळगुळीत, माझ्या स्लाइड्सपेक्षा चांगलं. आणि पलीकडे विद्यार्थी काय करतो? मेल कॉपी करतो, गुगल ट्रान्सलेटमध्ये टाकतो, मराठीत वाचतो. मराठीतून निघालेलं मराठीत पोचतं. मधे कुठल्यातरी दूरच्या देशातलं यंत्र दोनदा तापतं, अर्थ थोडा इकडे सांडतो, थोडा तिकडे, आणि दोन्ही टोकांच्या माणसांना आपण ‘प्रोफेशनल’ झाल्यासारखं वाटतं. हे काम मला कुणी कोड म्हणून दाखवलं असतं तर मी एका ओळीत शेरा मारला असता: मधली दोन्ही फंक्शन काढून टाका.

मी स्वतः काय करतो? माझा मॅनेजर साताऱ्याचा, मी नाशिकचा. तरी आम्ही एकमेकांना ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवतो. आमच्या टीममध्ये तमिळ, बंगाली लोक आहेत, तेव्हा तिथे इंग्रजी लागते, ते ठीक. पण फक्त आम्हा दोघांतला मेलही मी इंग्रजीत लिहायचो, कारण मराठीत लिहिलं की मी एकदम लहान, गावाकडचा वाटेन असं वाटायचं. भावाला वाटलेली लाज आणि माझी ही सवय एकाच विहिरीचं पाणी आहे. फरक एवढाच की मला त्याचा पगार मिळतो.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. मॅनेजरला परवा सुट्टीचा मेल मराठीत पाठवला. उत्तर आलं: “जा बिनधास्त. परत आल्यावर बोलू.” सहा वर्षांतला त्यांचा सगळ्यात माणसासारखा मेल.

दुसरी गोष्ट. मी त्या मॅडमना फोन केला आणि म्हटलं, मी चुकीचं शिकवलं, परत येतो. आयोजकांनी दुसरी कार्यशाळा काही ठेवली नाही. मग एका संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मॅडमच्या टेबलाशी बसलो आणि त्या फोनवर सांगतात तसंच त्यांच्याकडून बोलवून घेतलं. मी फक्त टाइप केलं. झालं ते असं:

“नमस्कार. तुमच्या प्रवेशाच्या कागदांत बारावीनंतरचा कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला नाही. तो या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पात्रता विभागात आणून द्या. दिला नाही तर तुमचा निकाल राखून ठेवावा लागेल. काही अडचण असेल तर दुपारी ३ ते ५ या वेळात फोन करा.”

पाच वाक्यं. मॅडमनी दोनदा वाचून बघितलं. म्हणाल्या, “हे फार साधं वाटतंय हो. साहेब म्हणतील, हे काय ऑफिसचं पत्र आहे?”

म्हणतील. म्हणू देत. तुम्ही विद्यार्थी असाल आणि पुढच्या वेळी असा ‘फेलिंग विच’वाला मेल आला, तर गुगलकडे जाऊ नका. उत्तरात मराठीत लिहा: ‘मेल मिळाला, नीट कळला नाही, कृपया मराठीत सांगाल का?’ लाजू नका. हे विचारणारे दहा जण झाले की साहेबांना कळेल की फोन का वाजतात. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे असाल, तर जुना मेल उघडण्याआधी एकदा फोनवर जे सांगता ते लिहून बघा.

मॅडमनी तो मसुदा ड्राफ्टमध्ये ठेवलाय. पाठवलाय की नाही, ते अजून मला कळलेलं नाही. सोमवारी विचारणार आहे.